शेततळ्यात मासे जास्त झाले, हे कसे ओळखावे?

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आज पिकाविषयी नाही, पाण्याविषयी बोलायचे आहे. आणि त्या पाण्यात वाढणाऱ्या माशांविषयी. आपले बाळापूर मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या काठी वसलेले. नदीत जाळे टाकून मासे धरणारी भोई मंडळी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. पण शेतकऱ्याने स्वतःच्या वावरात, स्वतःच्या तळ्यात मासे पाळावेत, ही गोष्ट त्या मानाने नवी. २०१६ साली राज्य शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली आणि त्यानंतर वावरावावरात तळी दिसू लागली. तालुक्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या बाजूच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला खारे पाणी लागते. तिथे पावसाचे गोडे पाणी साठवून ठेवणे, हाच मोठा आधार. इकडे वाडेगावच्या बाजूला लिंबाच्या बागा आहेत. त्यांना उन्हाळा काढायला तळे उपयोगी पडते.

मग साहजिकच मनात येते, की पाणी साठलेलेच आहे, त्यात चार मासे सोडले तर काय बिघडले? काहीच बिघडत नाही. तळ्यातले पाणी बागेला, आणि मासे घरच्या मिठामिरचीला, असा दुहेरी फायदा होतो. बिघडते केव्हा, तर चाराचे चारशे आणि चारशेचे दोन हजार केले म्हणजे.

एप्रिल-मे महिन्यात सकाळी सकाळी तळ्यावर जावे, तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून उभे. पाहणारा म्हणतो, "काहो भाऊ, मासे तं मस्त वर येऊन खेळून राह्यले!" बंधूंनो, ते खेळणे नव्हे. त्यांचा जीव गुदमरतो आहे. अशा चार सकाळी दुर्लक्ष झाले, की पाचव्या सकाळी तळ्यावर पांढरी पोटे तरंगताना दिसतात, आणि दहा महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते. म्हणून मासे जास्त झाले आहेत, हे मरण्याच्या आधी कसे ओळखावे, तेवढेच आज सांगणार आहे.

दाटी म्हणजे काय?

पऱ्हाटी दाट झाली तर आपण विरळणी करतो. झाड डोळ्यांसमोर असते, दाटी दिसते. मासा पाण्याखाली असतो, त्याची दाटी दिसत नाही. हा पहिला फरक.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. वावर पेरणीला एक एकर असते आणि वेचणीलाही एक एकरच असते. तळ्याचे तसे नाही. माशाचे अंग महिन्यामहिन्याला वाढते, आणि पाणी महिन्यामहिन्याला आटते. ऑगस्टमध्ये जे मासे तळ्यात सुखाने राहतात, तेच मासे, एकही न वाढवता, एप्रिलमध्ये जास्त होतात.

हिशेबच करून पाहू. समजा, तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल आहे. काठाला एकास एक उतार धरला, तर तळाशी ते २४ मीटर बाय २४ मीटर उरते. असे तळे तुडुंब भरले म्हणजे त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. उन्हाने आणि ओलिताने पाणी उतरत उतरत एक मीटरवर, म्हणजे सव्वातीन फुटांवर आले, तर उरते फक्त सव्वासहा लाख लिटर. उंचीने पाहिले तर आपण म्हणू, की तिसरा हिस्सा पाणी आहे. प्रत्यक्षात रुपयातले साडेचार आणेच पाणी उरलेले असते, कारण तळे खाली निमुळते होत जाते.

आता माशांचा हिशेब. समजा, ऑगस्टमध्ये प्रत्येकी २० ग्रॅमच्या ९०० बोटुकल्या सोडल्या. वजन झाले १८ किलो. डिसेंबरपर्यंत शंभरेक मेल्या, ८०० राहिल्या आणि २०० ग्रॅमच्या झाल्या, तर वजन १६० किलो. एप्रिलमध्ये ७५० मासे अर्ध्या अर्ध्या किलोचे झाले, तर वजन ३७५ किलो. म्हणजे ऑगस्टमध्ये एक लाख लिटर पाण्यात एक किलोही मासा नव्हता. एप्रिलमध्ये त्याच एक लाख लिटरमध्ये ६० किलो मासा झाला. आपण म्हणतो, "मी तं एकही मासा वाढवला नाही." खरे आहे. पण दाटी सत्तरपट झाली.

म्हणून एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. मासे मोजू नका, मासे तोला. आणि पाणी पावसाळ्याचे नको, उन्हाळ्याचे धरा.

हवा देण्याचे यंत्र नसलेल्या साध्या शेततळ्यात, पाण्याच्या पसाऱ्याच्या दर गुंठ्याला २० ते ३० किलोपर्यंत मासा ठेवावा. थंडीत ३० किलो चालेल, उन्हाळ्यात २० किलोच धरावा. वरच्या उदाहरणात एप्रिलमध्ये पाण्याचा पसारा पावणेसात गुंठ्यांच्या आसपास राहतो. म्हणजे फार तर १३५ किलो मासा ठेवायला हवा होता, आणि तळ्यात आहे ३७५ किलो.

मासा पाण्यात श्वास कसा घेतो?

मासाही हवेतल्याच प्राणवायूवर जगतो, पण तो पाण्यात विरघळलेला असावा लागतो. मासा तोंडाने पाणी घेतो आणि कल्ल्यांवाटे सोडतो; तेवढ्यात कल्ले त्यातला प्राणवायू शोषून घेतात. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. म्हणजे पाणी तापले की त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद कमी होते, आणि नेमकी त्याच वेळी माशाची भूक आणि श्वास वाढतो. आपल्या अकोला जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे आपण जाणताच. कार्प जातीच्या माशांना लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असला म्हणजे बरे वाटते. ३ च्या खाली गेला की ते नीट खात नाहीत आणि वाढ थांबते. त्याहून खाली गेला की ते वर येऊन तोंड वासतात.

दुसरी गोष्ट. पाण्याला जो हिरवा रंग असतो, तो बारीक शेवाळाचा. हे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते, पण रात्री तेही माशांसारखाच श्वास घेते. मासे, शेवाळ आणि तळाचा कुजका गाळ, तिघेही रात्रभर एकाच साठ्यातून खातात. म्हणून सूर्य उगवण्याच्या आधीची घटका ही तळ्यातली सगळ्यात कठीण घटका. दुपारी बारा वाजता तळे पाहून काही कळत नाही. तळे पाहायचे ते पहाटे.

दाटीच्या खुणा

१. पहाटे मासे वर येणे. ही सगळ्यात महत्त्वाची खूण. मासे वर आले असतील तर टाळी वाजवावी किंवा काठावर पाय आपटावा. मासे झटकन बुडी मारत असतील आणि ऊन पडल्यावर आठच्या सुमारास आपोआप खाली जात असतील, तर ही सूचना समजावी. टाळी वाजवूनही हलत नसतील आणि दहा वाजेपर्यंत वरच असतील, तर धोका दाराशी आला. पावसाळ्यात दोन-तीन दिवस झड लागली, ऊन पडले नाही, तर कमी मासे असलेल्या तळ्यातही असे एखाद्या दिवशी होते. पण आभाळ मोकळे असताना लागोपाठ तीन-चार सकाळी मासे वर दिसले, तर दाटीच समजावी.

२. वाढ थांबणे. महिन्यातून एकदा फेकजाळ्याने २०-२५ मासे धरावेत, बादलीत पाणी घेऊन तोलावेत आणि लगेच सोडावेत. बादली-पाण्याचे वजन वजा करून सरासरी काढावी आणि वहीत लिहून ठेवावी. लागोपाठ दोन महिने वजन जागच्या जागीच राहिले, तर खुराकात कमी आहे किंवा मासे जास्त आहेत. खुराक वाढवूनही वजन वाढत नसेल, तर मासे जास्त आहेत.

३. डोके मोठे, अंग बारीक. चाऱ्याविना राहिलेल्या गोऱ्ह्याचे कसे डोके तेवढे मोठे दिसते, तसेच माशाचे होते. पाठ धारदार, पोट आत गेलेले. त्याच तळ्यात, त्याच दिवशी सोडलेल्या एका जातीच्या माशांत कोणी पाव किलोचा तर कोणी पाऊण किलोचा, असा फार फरक दिसला, तर खाण्यासाठी ओढाताण चालू आहे असे समजावे.

४. खुराक उरणे. शेंगदाण्याची ढेप आणि धानाचा कोंडा पाण्यावर फेकून देण्याऐवजी टोपल्यात किंवा गोणपाटाच्या झोळीत ठेवून पाण्यात सोडावा. दोन तासांनी वर काढून पाहावे. काल साफ होणारी झोळी आज भरलेली निघाली, तर मासा श्वासाच्या अडचणीत आहे. त्या दिवशी आणखी खुराक टाकू नये. उरलेला खुराक कुजतो आणि कुजतानाही प्राणवायू खातो.

५. पाण्याचा रंग आणि वास. हात सरळ पाण्यात बुडवावा. पाणी कोपरापर्यंत आले तेव्हा तळहात दिसेनासा झाला, तर पाणी ठीक. मनगटापर्यंत बुडाला तोच तळहात दिसेनासा झाला, तर हिरवेपणा फार झाला. काळ्या मातीने पाणी गढूळ झाले असेल, तर मात्र ही परीक्षा लागू पडत नाही. तळातून काठी फिरवल्यावर बुडबुडे येऊन कुजक्या अंड्यांसारखा वास आला, तर गाळात घाण साचली आहे. माशांची विष्ठा आणि त्यांच्या कल्ल्यांतून पडणारा अमोनिया हा मासा जास्त तितका जास्त. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात ही घाण जिरवायला मातीच नसते, म्हणून तिथे जास्तच लक्ष ठेवावे.

६. अंग घासणे आणि जखमा. मासे काठाला अंग घासत असतील, उगीच उड्या मारत असतील, तर एखादा धरून पाहावा. चपटी, चकतीसारखी ऊ अंगाला चिकटलेली नुसत्या डोळ्यांनी दिसते. दाटीत ही ऊ एकापासून दुसऱ्याला लवकर लागते. अंगावर तांबडे डाग, कुजलेले पर, हेही दाट तळ्यातच जास्त आढळते.

७. रोज एक-दोन मासे मरणे. "एवढ्यात एक गेला तं काय?" असे म्हणू नये. रोज मरणारा तो एक मासा बाकीच्यांचा निरोप घेऊन येतो.

गल्लत करू नका

सगळेच मासे काही दाटीने मरत नाहीत. आपला भाग कपाशीचा. फवारणी चालू असते. फवारणीचा पंप तळ्यावर धुतला, रिकामे डबे काठावर टाकले किंवा पावसाचे पाणी फवारलेल्या वावरातून तळ्यात आले, तर विषाने मासे मरतात. दोन्हींत फरक असा. प्राणवायू कमी पडल्याने मासे मरतात ते पहाटे, आणि बहुधा मोठे मासे आधी जातात. विषाने मरतात ते दिवसा कोणत्याही वेळी, लहानमोठे एकदम, आणि त्यांच्यासोबत बेडूक, पाणकिडे हेही मरतात. मासे गिरक्या घेतात, वाकडेतिकडे पोहतात. विषाने मेलेला मासा घरी खाऊ नये, कुत्र्या-मांजरांना घालू नये, विकू तर मुळीच नये. खड्डा करून पुरून टाकावा. आणि ते पाणी गुराढोरांना पाजू नये.

मासे जास्त होतात कसे?

तीन वाटांनी होतात.

पहिली वाट, बीज जास्त सोडणे. कटला, रोहू, मृगळ हे मासे वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालणारे. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. १९५७ साली ओरिसात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना अंडी घालायला लावले. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्या शोधामुळे बीज मुबलक मिळू लागले, ही फार मोठी सोय झाली. पण बीज स्वस्त मिळते म्हणून आपण शेकड्याच्या जागी हजार सोडतो. "अर्धे मेले तरी अर्धे राहतीन" हा हिशेब चुकीचा आहे. मेले नाहीत तर काय कराल?

दुसरी वाट, आपोआप वाढणारे मासे. चिलापी हा मासा तळ्यातच पिले देतो, आणि वर्षातून अनेकदा देतो. सायप्रिनसही साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. बिजात चुकून चार चिलापी आल्या, की वर्षभरात बोटाएवढ्या चिलापींनी तळे भरते. खुराक त्या खातात आणि आपला रोहू उपाशी राहतो. म्हणून बीज घेताना ते परातीत ओतून, जात ओळखून घ्यावे. ओळखत नसल्यास जाणकार भोयाला सोबत न्यावे. तळे भरताना नाल्याचे पाणी बारीक जाळीतून घ्यावे.

तिसरी वाट वर सांगितलीच, पाणी आटणे. ती कोणाला चुकत नाही.

दाटी झालीच, तर तातडीने काय करावे?

मासे पहाटे वर दिसले, की आधी खुराक बंद करावा. शेण, खत काही टाकू नये. इंजिन किंवा मोटर लावून तळ्याचेच पाणी उचलावे आणि पाइपाच्या तोंडाशी फाटा किंवा भोके पाडलेला डबा बांधून ते उंचावरून तळ्यातच फवारल्यासारखे पाडावे. थेंब जितका बारीक, तितकी हवा जास्त मिसळते. वीज नसेल तर दोघा-तिघांनी काठावरून फांद्यांनी पाणी झोडपावे. तेवढ्यानेही वेळ निभावते. मात्र तळाचा गाळ ढवळू नये.

विहिरीचे किंवा बोअरचे गोडे पाणी असेल तर सोडावे, पण तेही उंचावरून पाडून. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू फारच कमी असतो; ते नळीने तळाशी सोडले तर उपयोग होत नाही. खारपाणपट्ट्यातल्या बंधूंनी बोअरचे खारे पाणी भरमसाट सोडू नये. मासा थोडा खारटपणा सोसेल, पण तेच पाणी पुढे बागेला द्यायचे आहे, हे विसरू नये.

मासे सावरले, की लगेच विरळणी करावी. ओढजाळे लावून सगळा तळ ढवळण्यापेक्षा फेकजाळ्याने दोन-तीन सकाळी मोठे मोठे मासे काढावेत. मेलेले मासे रोज वेचून लांब पुरावेत.

आणि एक काळजीची गोष्ट. पहाटेच्या अंधारात प्लॅस्टिकच्या तळ्यावर एकट्याने जाऊ नका. ते अस्तर ओले झाले की शेवाळाने अतिशय निसरडे होते. पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. काठावरच्या खुंटाला गाठी मारलेला दोर चारही बाजूंनी पाण्यापर्यंत सोडून ठेवा. माशाच्या जिवापायी माणसाचा जीव धोक्यात घालू नये.

मुळातला उपाय

मुळातला उपाय म्हणजे आधीच मोजून सोडणे. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकल्या असे प्रमाण सांगतात. त्यातला वरचा आकडा वर्षभर पाणी टिकणाऱ्या, खुराक आणि देखरेख चांगली असलेल्या तळ्यासाठी. आपल्या पावसावर भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात उतरणाऱ्या तळ्याने खालचा आकडा धरावा. म्हणजे ३० मीटर बाय ३० मीटरच्या तळ्यात साडेचारशे बोटुकल्या पुरे. त्यात दहात चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ असे प्रमाण ठेवावे. कटला वरच्या थरातले खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाचे. तिघांचे ताट वेगळे असल्याने भांडण होत नाही. मत्स्यजिरे किंवा नखाएवढे बीज सोडण्यापेक्षा ८-१० सेंटिमीटरच्या बोटुकल्या सोडाव्यात. त्या जगतात जास्त, त्यामुळे "मरतील म्हणून जास्त सोडा" हा प्रश्नच येत नाही.

ऑगस्टमध्ये असे साडेचारशे सोडले आणि त्यांतले चारशे जगले, तर जानेवारीत ते साडेतीनशे ग्रॅमचे धरून १४० किलो होतात. तिथपर्यंत निर्धास्त राहावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी अर्ध्यावर येण्याच्या आत, अर्धा किलोच्या वरचे मासे काढायला सुरुवात करावी. निम्मे मासे काढले, की उरलेल्यांना जागा मिळते आणि तेही झपाट्याने वाढतात. पाणी सव्वातीन फुटांवर येईल तेव्हा तळ्यात दोनशेच्या आतच मासे असावेत. बागेला पाणी लागेल तसे उरलेलेही काढून घ्यावेत. बाग की मासे, असा प्रसंग मे महिन्यात येऊ देऊ नये. त्याचा निर्णय फेब्रुवारीतच करून टाकावा.

विक्रीचेही तसेच. मासे मेल्यावर गिऱ्हाईक शोधण्यात अर्थ नाही. भोई, बाजारातले विक्रेते यांच्याशी आधी बोलून दिवस ठरवावेत. एकदम सगळे काढून पडेल भावाने देण्यापेक्षा आठवड्याच्या बाजाराला थोडे थोडे काढलेले बरे पडतात.

कपाशीचे गाव म्हणून सरकीची ढेप घरात असतेच. पण नुसती सरकीची ढेप माशांना घालू नये. तिच्यातले गॉसिपॉल हे द्रव्य माशाला मानवत नाही. खुराक माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा दोन-तीनपेक्षा जास्त देऊ नये. १०० किलो मासा असेल तर दोन ते तीन किलो.

घरची काचेची पेटी

आता मुलांसाठी घरी काचेच्या पेटीत रंगीत मासे ठेवण्याची आवड गावोगावी आली आहे. हिशेब तोच आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. दुकानात गोल्डफिश बोटाएवढा दिसतो म्हणून मुले दहा मागतात. पण तो वाढणारा मासा आहे, अशा पेटीत दोन पुरेत. वीज गेल्यावर हवेचा पंप बंद पडतो. तासाभरातच सगळे मासे वर येऊन तोंड वासू लागले, तर पेटीत मासे जास्त आहेत, असे समजावे. पाणी बदलल्यावर दोन दिवसांत गढूळ होऊन वास येतो, तीही तीच खूण. पाणी सगळे एकदम बदलू नये. आठवड्याला पाव हिस्सा बदलावे आणि खाणे चिमूटभर द्यावे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी टाक्यांत सोडलेले गप्पी मासे आपोआप वाढतात. जास्त झाले तर ते शेजाऱ्याच्या टाक्याला द्यावेत; नदी-नाल्यात सोडू नयेत.

थोडक्यात लक्षात ठेवा

• तळे पहाटे पाहावे. दुपारी पाहून उपयोग नाही.
• मोकळ्या आभाळात तीन-चार सकाळी मासे वर दिसले, तर दाटी झाली.
• महिन्यातून एकदा २०-२५ मासे तोलून वहीत लिहावे.
• दर गुंठ्याला थंडीत ३० किलो आणि उन्हाळ्यात २० किलोपेक्षा जास्त मासा ठेवू नये.
• ३० मीटर बाय ३० मीटरच्या पावसाळी तळ्यात साडेचारशे बोटुकल्या पुरे.
• फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठे मासे काढून विरळणी करावी.
• फवारणीचा पंप तळ्यावर धुऊ नये.
• प्लॅस्टिकच्या तळ्यात दोर सोडल्याशिवाय काठावर उतरू नये.

बंधूंनो, चारशे मासे सोडून तीनशे बाजारात नेणारा शेतकरी, हजार सोडून हजार पुरणाऱ्यापेक्षा सुखी असतो. आपल्या तळ्याची लांबी, रुंदी आणि उन्हाळ्यातली खोली आज संध्याकाळीच मोजा, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बीज घ्यायला जाल तेव्हा ती वही सोबत असू द्या.

रामराम.